बसच्या रंगाचं घर

रोज सकाळी दार उघडलं की मास्तर आधी भिंतीला हात लावत. दूध उचलणं, पायपुसणं झटकणं, पायरीवरच्या मांजराला हाकलणं, हे सगळं त्यानंतर. दाराशेजारच्या फळीवर त्या उघडा तळवा ठेवत आणि तो सावकाश खाली सरकवत, दुकानात ताग्याचं कापड बघावं तसा. मग तळवा डोळ्यांसमोर धरत. गेली काही वर्षं त्यावर लाल भुकटी येऊ लागली होती. ती त्या ॲप्रनला पुसत आणि दूध घेऊन आत जात.

त्या मास्तर होत्या, पण शाळेतल्या नव्हेत. अर्ध्या वस्तीचे गणवेश, मुलींचे फ्रॉक आणि बायकांचे कोट त्यांनी शिवले होते. शिंप्याला मास्तर म्हणतात, मग शिवणाऱ्या बाईनं काय घोडं मारलंय, असं म्हणून कुणा गिऱ्हाइकानं पहिल्यांदा हाक मारली आणि ती कायमची चिकटली. एखादा नवखा माणूस आदरानं विचारी, "कुठल्या शाळेत होता आपण?" मास्तर तितक्याच आदरानं सांगत, "काजाबटणांच्या."

त्यांचं घरही वस्तीत नावाजलेलं होतं, पण त्याचं श्रेय त्यांच्या नवऱ्याचं. तो बसच्या डेपोत होता, बसगाड्यांना रंग मारणाऱ्या विभागात. डब्यांच्या तळाशी उरलेला रंग फेकून द्यायचा असे. तो साहेबांना विचारून घरी आणी आणि घराच्या लाकडी भिंतींवर फासे. खाली दोन खोल्या, वर एक, चारी बाजूंनी बाहेरून आडव्या फळ्या, आणि त्या सगळ्या बसच्या लाल रंगात. एका वर्षी पांढरा रंगही उरला, तेव्हा त्यानं खिडक्यांखालून सरळ एक पट्टा ओढून दिला. मग काही बाकीच राहिलं नाही. लोक त्या घराला डेपो म्हणू लागले. फाटकाशी उभं राहून कुणी विचारायचं, "पुढची बस कधी आहे हो?" नवरा आत बोट दाखवून म्हणायचा, "कंडक्टरना विचारा."

तो गेला आणि उरलेले डबे यायचे थांबले. लाल रंग आधी विटला, मग त्याची भुकटी व्हायला लागली, आणि ज्या बाजूनं पाऊस झोडपतो त्या बाजूचे पोपडे सुटले. वाऱ्याच्या दिवशी ते अंगणभर उडत. मास्तर ते झाडूनं गोळा करत आणि मशीनवर जाऊन बसत.

एकदा हिवाळ्यात ओल्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं वळेना. कात्री धरवेना, शिलाईचं काम हळूहळू सुटलं. तेव्हा शहरातला मुलगा आणि सून येऊन बसले. मुलगा बरेच दिवस मनात घोळवलेलं बोलला.

"आई, आता बास झालं. आमच्याकडे चल. खोली रिकामीच आहे, उजेड आहे, लिफ्ट आहे. तुझं मशीनसुद्धा मावेल."

"मशीन मावेल," मास्तर म्हणाल्या. "मी आडवी मावते का ते बघितलंस?"

"थट्टा नको गं."

"बरं. घराचं काय करणार?"

"सगळा विचार केलाय. बाहेरून चांगला ऑइल पेंट मारून घेऊ, खाली प्रायमर देऊन. एकदा मारला की दहा वर्षं बघायला नको. मग भाड्यानं देऊ, नाहीतर कुलूप घालू."

पुढेही तो बराच वेळ बोलत होता. भाडेकरू कसा बघायचा, सामान कुठलं आणायचं. मास्तरांच्या कानात त्यातलं काही शिरलं नाही. दहा वर्षं बघायला नको, एवढंच आत जाऊन बसलं. सून मात्र त्यांच्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर रंगाच्या दुकानात गेल्या. दुकानदाराच्या लग्नातला कोट त्यांनीच शिवला होता, त्यामुळे तो त्यांच्याशी खोटं बोलत नसे.

"दहा वर्षं बघायला लागत नाही असं काय असतं रे त्या पेंटमध्ये?"

"त्याचा वर पापुद्रा धरतो, मास्तर. ऊन, पाणी तो वरच्यावर झेलतो. खाली लाकूड कसं का असेना, झाकून जातं. खोट एकच. कुठे तडा गेला की पाणी आत शिरतं आणि त्याला बाहेर यायला वाट राहत नाही. मग पोपडे. तुमच्याकडे आहेतच की भरपूर."

"आणि हा तपकिरी डबा?"

"तो स्टेन. तो वर बसत नाही, लाकडात मुरतो. लाकडाचे रेषे दिसत राहतात. सोलायचा प्रश्नच नाही, नुसता फिका पडतो. फिका दिसला की भिंत धुवायची, वाळवायची आणि वरून एक हात द्यायचा."

"किती दिवसांनी?"

"पावसाच्या बाजूला दोन वर्षांनी. बाकीकडे तीन, फार तर चार." मग त्यानं डब्यावर हात ठेवला. "पण तुम्ही याच्या नादी लागू नका. तुमच्या भिंतीवर रंगाचे एवढे थर आहेत, हा मुरणार कशात? आधी सगळं खरवडून लाकूड उघडं करावं लागेल. तुमचं मनगट असं. पेंट मारा आणि सुटा."

"सुटायची घाई मला नाहीये," मास्तर म्हणाल्या. "माझ्या मुलाला आहे."

घरी येताना त्यांच्या डोक्यात सगळं बेतून झालं होतं. छापील कापड आणि रंगवलेलं सूत यातला फरक त्यांना कुणी शिकवायला नको होता. पण खरं कारण ते नव्हतं. दहा वर्षं टिकणारा पेंट हा घर सोडून जाणाऱ्या माणसासाठी होता. स्टेन लावलेल्या घराकडे दर दोन वर्षांनी कुणीतरी बघावं लागतं, आणि बघायचं तर कुणीतरी तिथे राहावं लागतं. मास्तरांना तिथे राहायचं होतं. लोकांनी दया करून राहू द्यावं म्हणून नव्हे, तर घराला त्यांची गरज आहे म्हणून.

फोनवर मुलगा म्हणाला, "तू हट्टाला पेटलीयस."

"पेटलेय. मग?"

आईशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. "ठीक आहे. शिडीवर तू चढायचं नाही. पाऊस लागायच्या आत बाहेरचं सगळं पुरं झालं पाहिजे. नाही झालं तर मी पेंट मारून घेणार, आणि तू कुरकुर न करता माझ्याबरोबर यायचं."

"आणि झालं तर?"

"तर पुढचा हात द्यायची वेळ येईपर्यंत मी हा विषय काढणार नाही."

"सूनबाईला फोन दे. तिच्यासमोर परत बोल."

मुलानं आधीच ठरवून ठेवलेला रंगारी त्याच आठवड्यात दारात आला. बोलका माणूस, कानामागे पेन्सिल, गळ्यात फडकं.

"आजी, पेंटचा अंदाज घ्यायला सांगितलंय."

"आजी तुझ्या घरी. इथे मास्तर राहतात. वरची भिंत खरवडून देशील का? मला शिडीची बंदी आहे. खालची मी बघते. मग स्टेन लावायचा."

"अहो, पेंट सोडून स्टेन म्हणजे..."

"म्हणजे दोन वर्षांनी तुला परत काम."

रंगाऱ्यानं भिंतीवर नख घासून पाहिलं. मग कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली आणि शिडी आणायला गेला.

रंग खरवडणं हे वाटतं तितकं सोपं नसतं. तोंडाला फडकं बांधून, भिंत ओली करून, मास्तर एकेक फळी धरत. उजवा हात जोर देत नव्हता, म्हणून पातं डाव्या हातात आणि उजवा नुसता वरून दाबायला. लाल थराखाली जुना लाल निघे, त्याखाली आणखी गडद लाल, मग कुठल्या तरी काळातला पांढरा पट्टा, आणि सगळ्यांच्या तळाशी आधीच्या मालकाचा शेवाळी हिरवा. लग्न होऊन आल्या तेव्हा घर हिरवं होतं, हे त्या विसरून गेल्या होत्या. हिरव्याच्या खाली लाकूड होतं. एवढ्या वर्षांत त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. मधासारखा रंग, लांब रेषे, मधूनच गाठी, आणि गाठीपाशी वळसा घेऊन पुढे गेलेल्या रेघा. पहिली फळी पुरी उघडी झाली तेव्हा त्या तिच्यासमोर उकिडव्या बसून राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या आणि दुसरी धरली.

येणारे जाणारे थांबत. "मास्तर, डेपो बंद पडला का?"

"दुरुस्तीला काढलाय. चालत जा."

पावसाच्या बाजूला रंगाऱ्यानं तळाच्या फळीत पेचकस खुपसला, तर तो पावात सुरी जावी तसा आत गेला. वरून लाल रंग शाबूत आणि आत भुसा. तळाच्या फळ्या सुताराकडून बदलून घ्याव्या लागल्या. चौकटींनाही जागोजाग भेगा बुजवायला लांबी, म्हणजे पुटी, भरलेली होती.

"चौकटींना स्टेन दिलात तर प्रत्येक डाग उघडा पडेल," रंगारी म्हणाला. "तिथे तरी पेंट घ्या."

त्याला वाटलं होतं, आता भांडण. पण मास्तरांनी चौकटीवर बोट फिरवलं आणि मान हलवली. "ठिगळ असेल तिथे अस्तर हवंच. चौकटींना पेंट, भिंतींना स्टेन."

"मग हट्ट कुठे गेला?"

"तो भिंतींपुरताच होता."

वरच्या भिंती आणि खालच्या तीन बाजू रंगाऱ्यानं स्टेन देऊन उरकल्या. त्याला दुसरीकडचं एक काम आलं, तेव्हा उरलेली रस्त्याकडची खालची भिंत मास्तरांनी एकटीनं घ्यायची ठरवलं. कधी नव्हे तो उत्साह आला होता. त्यांनी आयुष्यभर केलं तसंच केलं. मोठ्या कापडाचे भाग पाडावेत तसे भिंतीचे भाग पाडले. दारापासून खिडकीपर्यंत एक, खिडकीखालचा दुसरा, तिथून कोपऱ्यापर्यंत तिसरा. एक भाग वरपासून खालपर्यंत पुरा करायचा, हाताला विसावा द्यायचा, मग पुढचा. आणि शिवणीच्या कडेला जास्तीचं कापड सोडतात, ज्याला शिंपी माया म्हणतात, तशी त्यांनी प्रत्येक भागाच्या कडेला चार बोटं माया सोडली. म्हणजे पुढचा भाग सुरू करताना ब्रश मागच्या भागावर थोडा चढवून घेतला. जोड पक्का व्हावा म्हणून.

सकाळी भिंत वाळली होती आणि तिच्यावर वरून खाली काळपट उभे पट्टे उमटले होते. जिथे जिथे माया सोडली तिथे स्टेन दोनदा मुरला होता. रस्त्यावरूनसुद्धा दिसत होतं.

दुपारी रंगारी हत्यारं न्यायला आला. भिंतीपाशी उभा राहून त्यानं फडक्यानं तोंड पुसलं.

"हे काय केलंत?"

"जोड होता. थोडी माया ठेवली."

"ती कापडात ठेवतात हो. लाकडाला आडव्या फळीनं जायचं असतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये थांबायचं नाही, ओली कड सुकू द्यायची नाही. मी सांगायचं राहून गेलं." त्यानं आकाशाकडे पाहिलं. एका कडेला ढग साठायला लागले होते. "आता एक करता येईल. या एका भिंतीला पेंट मारू. उद्याच्या उद्या होईल. मुलगा काही बोलायचा नाही."

मास्तरांना क्षणभर ते पटलं. हात ठणकत होता, पाठ धरली होती. चारातली एकच भिंत, आणि बाकी सगळं मनासारखं झालेलं. पण ती रस्त्याकडची भिंत होती, रोज सकाळी दार उघडलं की समोर येणारी.

"उसवते," त्या म्हणाल्या.

"काय?"

"चुकलेली शिवण काय करतात? उसवतात. पॉलिश पेपर ठेवून जा तुझे. जाडे आणि बारीक दोन्ही."

पुढचे दिवस त्या भिंत घासत राहिल्या. डावा हात भरून आला की उजवा, उजवा बोलायला लागला की डावा. शेजारणीनं फाटकातून दोनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा नुसता चहा आणून ठेवला. ढग येत होते, जात होते. मुलगा रविवारी येणार होता. शनिवारी सकाळी फाटक वाजलं तर सून एकटीच उभी, जुन्या कपड्यांत, केस बांधून.

"रंगाऱ्याचा फोन आला होता," ती म्हणाली.

"चहाडखोर मेला."

"मला म्हणाला, मास्तर भिंत उसवतायत." सुनेनं भिंतीकडे पाहिलं. पट्टे जवळजवळ गेले होते, लाकूड परत उघडं झालं होतं. "आई, खरं सांगू? पेंटच बरा, असं मीच यांना सांगितलं होतं. मला वाटलं होतं तुम्ही दमाल आणि सोडून द्याल."

"आणि?"

"आणि दमलात तर खऱ्या."

"दमले. तो बारीक पेपर दे इकडे."

सुनेनं पेपर दिला नाही. ती स्वतःच घासायला बसली. ऊन चढेपर्यंत दोघींनी राहिलेला भाग संपवला, धूळ झाडली, ओल्या फडक्यानं पुसून भिंत वाळू दिली. मग मास्तरांनी डबा ढवळला आणि वरची पहिली फळी घेतली. अर्ध्यावर त्यांचा हात थांबला. बोटं आखडली होती. ब्रश हवेतच राहिला आणि ओली कड उन्हात सुकायला लागली. सुनेनं त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला आणि जिथे तो थांबला होता तिथूनच पुढे कोपऱ्यापर्यंत नेला.

मग त्यांनी तशीच रीत लावली. मास्तर दारापासून सुरुवात करायच्या, खिडकीच्या पुढे सून तयार असायची. मास्तरांचा ब्रश तिच्यापर्यंत पोचला की ती ओल्या कडेवरूनच आपला सुरू करायची.

"खोली तयार आहे तुमची," फळ्या खाली खाली येत होत्या तेव्हा एकदा सून म्हणाली. "पडदेही लावलेत. तुम्ही आलात तर मला आवडेलच. पण तुम्ही तिथे बसून नुसतं लिफ्टचं दार किती वेळा उघडतं ते मोजाल."

"पडदे कुणी शिवले?"

"तयार आणले."

"ते दिसलंच असतं मला," मास्तर म्हणाल्या. "कड सुकतेय, हात चालव."

रविवारी मुलगा आला आणि दुपारीच पाऊस आला. तो छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारून आला. भिंतींवर पाण्याचे थेंब गोल होऊन उभे राहत होते आणि घरंगळत होते. त्यानं वाकून वाकून पाहिलं. लहानपणी रंगाचे डबे धरून वडिलांमागे फिरलेला तो, त्याला काही सहज फसवता येणारं नव्हतं. खिडकीखाली तो थांबला.

"इथे एक उभा पट्टा राहिलाय. पुसट आहे."

"राहिलाय," मास्तर दारातून म्हणाल्या.

त्यानं वाकून पट्ट्यावरून बोट फिरवलं. छत्रीवरून पाणी त्याच्या पाठीवर पडत होतं. मग आत येऊन त्यानं बूट काढले आणि विचारलं, "पुढचा हात कधी?"

"या बाजूला दोन वर्षांनी."

"मग दोन वर्षांनी बोलू."

दोन वर्षांनी त्यानं विषय काढला, तेव्हा मास्तरांनी डबा आणून ठेवलेला होता. त्याच्या पुढच्या खेपेलाही तसंच झालं. नंतर नंतर तो विचारायचाच थांबला. हात द्यायचे दिवस आले की रजा काढून यायचा. दर खेपेला मास्तरांच्या वाट्याची भिंत कमी होत गेली. आधी खालच्या सगळ्या फळ्या, मग फक्त दाराची बाजू, मग हाताच्या उंचीवरच्या दोन-चार. शेवटच्या खेपेला त्या अंगणात खुर्ची टाकून बसल्या आणि नजरेनंच काम करू लागल्या. रंगारी म्हाताऱ्या गुडघ्यांनी शिडीवरून उतरताना म्हणे, "मास्तर, यापेक्षा तुम्ही भिंत घासत होता तेव्हा मला कमी त्रास होता." मुलगा पन्नाशीला आलेला, ब्रश हातात, आईनं "मागची कड सुकली" म्हटलं की शाळकरी मुलासारखा धावायचा.

पावसाची बाजू पुरी झाली त्या संध्याकाळी सुनेनं अंगणात चहा आणला. मुलगा आणि रंगारी कोपरापर्यंत तपकिरी झालेले, तसेच ट्रेकडे आले. मास्तर त्या रात्री आपल्या खोलीत झोपल्या आणि सकाळी उठल्या नाहीत. झोपण्याआधी त्या आणखी काही बोलल्या असतील, पण ते कुणाला आठवत नाही. तिघांनाही आठवतं ते अंगणातलं, त्यांनी ट्रे आपल्याकडे ओढून घेत म्हटलेलं.

"आधी टर्पेंटाइननं हात धुऊन या, मग कप धरा. डाग मला काढावे लागतात."